शांतता घेताना

तीर्थस्वरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (आधी मी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. शेजारी बसलेल्या आमच्या मित्राने, म्हणजे काना-मात्राने, ते वाचलं, आणि तीर्थरूप फक्त स्वतःच्या आईवडिलांना लिहितात, दुसऱ्याच्या वडीलधाऱ्यांना 'स्व' लावावा लागतो, असं सांगून मधे 'स्व' घुसवायला लावला. तेव्हा 'स्व' त्याचा आणि आदर माझा, असं समजून घ्यावं.)

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? मागे आम्ही दोघं तुमच्या दारात आलो होतो तेव्हा तुम्ही कठड्याला धरून उभ्या होतात, पण तशाही अवस्थेत आम्हाला चपला सरळ रेषेत काढून ठेवायला लावल्यात, त्यावरून प्रकृती एकंदरीत ठीक असावी असा अंदाज केला. तुमच्या धाकट्या भावाची प्रकृती कशी आहे, हे मात्र अंदाजाने कळत नाही. (तुम्ही घरात त्याला नावाने हाक मारता. आमच्या बोलत्या पुस्तकांच्या स्टुडिओत तो पहिल्या दिवसापासून 'खर्ज' आहे, आवाज तितका खालचा म्हणून. मी त्याचं खरं नाव लिहायला घेतलं तर मला आपण दुसऱ्याच कुणाची चौकशी करतोय असं वाटायला लागतं.) फोन केला तर तो आराम करतोय असं तुम्ही सांगता. घरी आलो तर तो खिडकीतून आम्हाला पाहतो आणि पडदा ओढतो. म्हणून हे पत्र. तुम्ही इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतात; हातात आलेला कागद शेवटपर्यंत तपासल्याशिवाय तुम्ही खाली ठेवणार नाही, एवढ्या एका भरवशावर लिहायला बसलो आहे.

विषय असा. सर्जननी त्याची स्वरपेटी काढली, जीव वाचवला आणि श्वासासाठी गळ्याशी एक भोक ठेवलं. हे तुम्हाला मी सांगायला नको, त्या भोकाची सगळी स्वच्छता तुम्हीच केलीत, आणि आम्ही दोघं तेव्हा तोंड फिरवून कॅलेंडर बघत होतो. नंतर ज्या बाई त्याला बोलायला शिकवायला लागल्या त्यांनी सांगितलं की स्वरपेटी नसली तरी माणूस बोलू शकतो. तोंडातली हवा अन्ननळीत ढकलायची, ती परत वर सोडायची आणि ती वर येता येता जीभ-ओठांनी तिचे शब्द करायचे. थोडक्यात, ढेकरावर बोलायचं. जमतं, पण रोज सराव लागतो, आणि मनातून एकदा सोडलं की माणूस कायमचं सोडतो, असं बाईंचं म्हणणं. तुमच्या घरच्या त्या जेवणापासून खर्जाने ते सोडलं आहे. बाईंकडे जात नाही, आमच्याकडे येत नाही, मिठाची गुळणी धरून बसला आहे. तो पुन्हा बोलणार की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. बाकी या पत्रात जे काही आहे ते सगळं वारं आहे, आणि त्याबद्दल आधीच क्षमा मागतो, कारण ते शब्दशः वारं आहे.

आमची खोली तुम्ही पाहिली आहे. काचेपलीकडच्या केबिनचं मालकांनी गोदाम केल्यापासून आम्ही तिघं त्या एकाच खोलीत बसत आलो. मधे टेबलाशी खर्ज पुस्तक वाचणार, त्याच्या उजव्या हाताला काना-मात्रा पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन पेन्सिलीने ओळ न् ओळ ताडून पाहणार (वेलांटीची चूक त्याला ऐकू येते, म्हणून हे नाव), आणि कोपऱ्यात मी, ज्याला तुम्ही 'तो मशीनवाला' म्हणता. भिंतींना स्पंज, दाराला दुसरं दार, खिडकी नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पंखासुद्धा बंद, कारण त्याचा आवाज येतो. अशा खोलीत बोललेलं बाहेर जात नाही आणि सोडलेलंही बाहेर जात नाही. तुम्ही सुज्ञ आहात. तीन पोटं, तीन डबे आणि दुपारचं जेवण झाल्यावर लगेच वाचायला बसण्याची मालकांची घाई, यातून जे व्हायचं ते रोज होत असे.

म्हणून खर्जाने खोलीचा एक कायदा केला होता. ज्याच्याकडून झालं त्याने बोट वर करायचं. काय खाल्लं होतंस हे कुणी विचारायचं नाही. सगळ्यांनी उठून बाहेर जायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. खर्ज स्वतः फार प्रामाणिक. ज्या आवाजात त्याने राजे आणि साधू वाचले त्याच आवाजात तो बोट वर करून म्हणायचा, पुढील भाग थोड्याच वेळात. काना-मात्राने मात्र कधी बोट वर केलं नाही. तो खुर्चीवर ढकलायचा, वायरवर ढकलायचा, आणि कुणी काही विचारायच्या आत आजच्या डब्यात वाटाणे होते असं जाहीर करायचा. पादऱ्याला पावट्याचं निमित्त, दुसरं काय. (हे वाक्य मी लिहीत असताना तो छताकडे बघतो आहे.)

एकदा एका मोठ्या कादंबरीतल्या राजाचा मृत्यू वाचायचा होता. राणी उशाशी, वैद्य पायाशी, आणि वाक्य असं, 'राजाने सभोवार पाहिले आणि शांतपणे प्राण सोडला.' खर्जाने असा विराम घेतला की माझ्याच अंगावर काटा आला. मग तो 'सोडला' म्हणाला आणि त्याच क्षणी कुणीतरी खरोखरच सोडला. त्यानंतर ते वाक्य त्या दुपारी होऊच शकलं नाही. राजा सभोवार पाहायला लागला की आम्ही तिघंही सभोवार पाहायचो, आणि हसू दाबता दाबता मशीनवरचा दिवा बंद करायचो. शेवटी ज्या काना-मात्राने आयुष्यात लेखकाचा अनुस्वार बदलू दिला नाही, तोच म्हणाला की लेखकाला फोन करून 'निधन पावला' चालेल का ते विचारू. खर्ज टेबलावर डोकं ठेवून हसत होता. ताई, तुम्ही त्याचं हसणं अलीकडे ऐकलेलं नाही, कारण ते आता ऐकू येत नाही. पण तेव्हा तो हसला की टेबलावरचा पेला थरथरायचा.

या प्रकारांना काय म्हणावं मला कळत नाही. मी घरी फार सभ्य माणूस आहे. बायकोच्या माहेरी गेलो की पोट दाबून धरून इतका सरळ बसतो की सासरे मला शिस्तीचा समजतात. जगात बहुतेक ठिकाणी आपण असंच आवळून बसलेलो असतो. फक्त त्या एका खोलीत तसं बसावं लागत नव्हतं, आणि मला वाटतं आमची मैत्री म्हणजे बऱ्याच अंशी तेवढंच होतं. खर्जाने दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली होती, तीवर जुनी म्हण लिहिली होती, 'पादा पण नांदा'. तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही ती काढून ठेवली होती.

तुम्ही आलात तो दिवस आता सांगायला हवा. खर्ज मौनावरचं एक जाड पुस्तक वाचत होता, आणि तुम्ही भावाचं काम एकदा बघायचं म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसला होतात. वाचन संपलं आणि मी म्हणालो, आता शांतता घेऊ या. तुम्ही विचारलंत, शांतता घ्यायची म्हणजे काय. आमच्या धंद्यात ती घ्यावी लागते. वाचताना खोकला येतो, खुर्ची करकरते, पान फडफडतं, ते सगळं मी नंतर कापून टाकतो. पण कापलेल्या जागी नुसती पोकळी ठेवली तर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो. म्हणून त्याच खोलीत, तीच माणसं बसलेली असताना, कुणी काही न बोलता थोडी शांतता रेकॉर्ड करायची आणि तिचे तुकडे त्या खड्ड्यांत भरायचे. माणसं उठून गेली तर खोलीचा आवाज बदलतो, म्हणून कुणी हलायचंही नाही. तुम्ही मान डोलावलीत, पदर सावरलात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तशा बसलात.

लाल दिवा लागला. सगळे श्वास धरून बसले. आणि त्या शांततेच्या मधोमध एक आवाज झाला. मोठा नाही. बारीक, सभ्य, शेवटी किंचित वर चढणारा, कुणी अदबीने प्रश्न विचारावा तसा. कायद्याप्रमाणे दिवा विझेपर्यंत कुणी हललं नाही. मग दिवा विझला आणि खर्जाने बोट वर केलं. म्हणाला, माफ करा, माझं पोट आज ठीक नाही. आणि हसला. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "लाज नाही वाटत? मोठी बहीण बसलीय समोर." त्याने मान खाली घातली आणि दोन्ही कान पकडले, तुमच्या शाळेतल्या पोरासारखे. मग आपण सगळे चहाला गेलो, आणि तुम्ही चहा न घेताच निघालात.

पुढची गंमत तुम्हाला माहीत नसेल. मी तो मधला आवाज कापायला शोधला, पण तो इतका हळू होता की मशीनच्या पडद्यावर दिसलाच नाही, आणि तीच शांतता तुकड्यातुकड्याने पुस्तकभर भरली गेली. जिथे जिथे लेखक मौनाची थोरवी सांगून थांबतो, तिथे तिथे तो अदबशीर प्रश्न. हेडफोन लावून ऐकणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं की पार्श्वभूमीला जो पक्षी वापरला आहे त्याने मन फार निवतं, तो कुठला पक्षी? मालकांनी तो पक्षी ऐकला आणि त्यांच्या एकट्याच्याच लक्षात आलं. खर्जाने तिथेही बोट वर केलं. पुढचं पुस्तक, ज्याची तो कितीतरी दिवस वाट बघत होता, ते मालकांनी दुसऱ्या वाचकाला दिलं. मी भांडायला निघालो होतो. खर्ज म्हणाला, जाऊ दे रे, वारा आहे, येतो आणि जातो.

आता अलीकडचं. ऑपरेशननंतर तो एकदाच आमच्याकडे आला होता, गळ्यात पाटी अडकवून. तो खडूने लिहायचा आणि काना-मात्रा ते वाचायच्या आधी शुद्ध करायचा. त्याने लिहिलं, घरी सराव करायला लाज वाटते, इथे करू का? आमच्या खोलीइतकी सोयीची जागा जगात दुसरी नसेल. दोन्ही दारं लावली, पंखा बंद केला आणि बसलो. बाईंनी त्याला प, त, क अशा टणक अक्षराने सुरू होणारा आणि घरात रोज लागणारा एक शब्द निवडायला सांगितला होता. बहुतेक जण 'पाणी' निवडतात. त्याने दुसरा निवडला होता. (कोणता ते पुढे येईल.) तो हवा गिळायचा, मान ताणायचा आणि नुसती हवा यायची. एकट्याला ओशाळं वाटू नये म्हणून आम्हीही ढेकर द्यायला लागलो. तीन प्रौढ माणसं दारं लावून एकमेकांच्या तोंडावर ढेकर देताहेत, हे मालकांनी पाहिलं असतं तर त्या खोलीचंही गोदाम झालं असतं.

आणि मग त्याला तो शब्द आला. खरखरीत, तुटका, पण शब्द. काना-मात्राचे डोळे भरले होते, पण सवय जात नाही. तो म्हणाला, पहिलं अक्षर उत्तम, शेवटचं दीर्घ आहे, तू ऱ्हस्व सोडलंस. खर्ज हसला. हसू तोंडातून आलंच नाही, गळ्यातून आलं, त्या भोकावरचं पातळ फडकं फडफडलं, एवढंच. मग शेवटचं अक्षर लांबवण्यासाठी तो मान लाल होईपर्यंत बसून राहिला, आणि जाताना पाटीवर लिहून गेला, आता घरी म्हणून दाखवतो.

घरी काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे, आणि मला फोनवर तुम्हीच सांगितलंत. तुमच्या शाळेतल्या दोन जुन्या सहकारी जेवायला होत्या. टेबल मांडलं होतं, सगळे घास घ्यायच्या बेतात होते, आणि त्याने तुमच्याकडे बघून एक भला मोठा ढेकर दिला. तुम्ही म्हणालात, "हात तोंडावर." रागाने नाही, मला माहीत आहे, इतकी वर्षं वर्गात जे म्हटलं ते सवयीने तोंडातून निघालं. त्याने हात तोंडावर ठेवला. तो हात अजून खाली आलेला नाही.

मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही त्याला सांभाळलंत, त्याच्यासाठी जेवण मऊ केलंत, रात्रंदिवस त्याच्या श्वासाकडे कान ठेवलात. आम्ही मित्र म्हणून नुसते हसवायला होतो. पण मी आयुष्यभर आवाज कापण्याचं काम केलं, आणि आता बसून एकच विचार करतो. वारा तर तोच असतो. स्वरपेटीतून गेला की लोक डोळे मिटून ऐकतात, पोटातून वर आला की नाक मुरडतात, खाली गेला की बोट वर करावं लागतं. त्याच्याकडे आता वरचा वारा तेवढा उरला आहे. मला त्याचा आवाज हवा आहे, ताई. जुना नको म्हणत नाही, पण जुना येणार नाही. जो येईल तो हवा आहे, मग तो जेवणाच्या टेबलावर येवो की चार लोकांत येवो. मला त्याची फार आठवण येते, आणि काना-मात्रालाही येते, पण तो ते शुद्ध भाषेत कसं लिहायचं याचा विचार करत बसला आहे.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. गुडघ्यांना जपा. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर तो घास आणि त्यानंतर येणारं सगळं पोटात घालावं.

तुमचा (मानला तर) भाऊ,
मशीनवाला

ता.क. खरी विनंती राहिलीच. त्याला आमच्या खोलीत पाठवा. तेही जमत नसेल तर घरीच, जेवणाच्या टेबलावर, रोज सराव करू द्या, आणि जमल्यास सोबतीला तुम्हीही एखादा ढेकर द्या. मुख्याध्यापिकाबाईंनी दिला तर त्याची भीड क्षणात चेपेल. हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल तर कृपया परत उचलावं.

आणखी एक ता.क. त्या शांततेबद्दल. खोलीत दोन माइक असतात, एक वाचणाऱ्यासमोर आणि एक दारावर टांगलेला, बाहेरचा गोंगाट आत येतोय का ते कळावं म्हणून. मालकांनी झाडल्यावर मी दोन्ही ऐकले. खर्जाच्या माइकवर तो पक्षी जेमतेम आहे. दारावरच्या माइकवर चांगला स्पष्ट आहे. दाराजवळ एकच खुर्ची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्या दोघांना सांगायची गरज नव्हती, त्यांना कान आहेत. मघाशी काना-मात्राने हा मजकूर वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोट वर केलं. म्हणाला, तो मी होतो असं लिही. तेव्हा तो काना-मात्रा होता. अळीमिळी गुपचिळी. खर्जाने मात्र तेव्हा विचार करायलाही वेळ घेतला नव्हता, एवढं लक्षात असू द्यावं.

शेवटचा ता.क. तो शब्द सांगायचा राहिला. त्या दिवशी टेबलावर त्याने ढेकर दिला नव्हता. तो 'ताई' म्हणाला होता. ई दीर्घ आली होती का, ते काना-मात्रा विचारतो आहे. आठवत नसेल तर राहू द्या. पुढच्या वेळी ओ द्या.